फोम वजन करून घ्या: आमचा जुना सागवानी सोफा आणि मी वापरलेलं सामान

आमचा सोफा 1976 सालचा. मामंजींनी मिलच्या बोनसमधून घेतलेला, तीन जणांचा एक सोफा आणि त्याच्या दोन खुर्च्या, सगळं सागवानी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर या घरातली तांब्याची भांडी गेली, सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. सोफा मात्र राहिला. म्हणून तो भंगारात काढायचा विषय आमच्याकडे कधी निघतच नाही.

मी ब्लाउज शिवते, लालबागला, घरीच. कापडाचं मला कळतं. लाकडाचं आणि फोमचं काही कळत नव्हतं, आणि त्याच अज्ञानाची किंमत आम्ही एकदा मोजली. सहा वर्षांपूर्वी एका कारागिराला पाचही सीटं भरायला दिली होती. वरून काम छान दिसत होतं. आठ महिन्यांत मधोमध खड्डे पडले. यंदा मी स्वतः सीटं उसवली तेव्हा वरती बोटभर जाडीचा मऊ फोम आणि खाली फोमचे कापलेले तुकडे निघाले, पोत्यात भरावेत तसे कोंबलेले. त्या दिवशी मला फार राग आला. मी ब्लाउजला अस्तर लावते ते कोणाला दिसत नाही, तरी मी ते चांगलंच लावते. आतलं काम दिसत नाही म्हणून ते वाईट करायचं हे मला पटत नाही.

या वेळी नवीन कोटेशन घेतलं तर 16,000 रुपये सांगितले. मी म्हटलं, आपणच करू. सगळं मिळून 7,770 रुपयांत झालं. त्यातलं काय चांगलं निघालं आणि काय नाही ते लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाचे पैसे वाया जाऊ नयेत.

सगळ्यात आधी फोम, कारण निम्मा खर्च तिथे आहे आणि फसवणूकही तिथेच होते. बसायच्या सीटला 40 डेन्सिटीचा फोम घ्या असं सगळे सांगतात. पण 40 म्हणजे काय हे कोणी सांगत नाही. एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे ते मोजता येतं! माझी शीट होती 72 बाय 36 इंच, जाडी 3 इंच. भाच्याने मोबाइलवर हिशेब करून दिला: ही शीट खरोखर 40 ची असेल तर वजन साधारण 5 किलो 100 ग्रॅम भरायला हवं. 32 ची असेल तर 4 किलोच्या आसपास.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घेऊन मी दुकानात गेले. पहिल्या दुकानात "ताई, चाळीसच आहे, डोळे झाकून घेऊन जा" म्हणाले. शीट गुंडाळून दोरीने बांधली, काट्याला लावली. 3 किलो 600. म्हणजे जेमतेम 28. मी काही न बोलता बाहेर पडले. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने काटा बघून स्वतःच शीट उचलून दिली आणि म्हणाला, "मोजा, मोजायलाच पाहिजे." 5 किलो 50 ग्रॅम भरलं. तिथेच घेतला, कापायचे दीडशे धरून 3,450 रुपये. माझ्या सीटा 20 इंच रुंद आणि 18 इंच खोल. 36 मध्ये दोन अठरा आणि 72 मध्ये तीन वीस, म्हणजे एका शीटमधून बरोबर सहा तुकडे निघतात. आपल्या सीटचं माप आधी काढून शीटच्या मापाशी जुळवून बघा, नाहीतर निम्मी शीट घरी पडून राहते आणि मुंबईच्या खोलीत ती ठेवायची कुठे?

आणखी एक गोष्ट त्याच दुकानदाराने समजावली. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. 40 चा फोम मऊही मिळतो आणि कडकही. डेन्सिटीवर तो किती वर्षं टिकेल ते ठरतं, कडकपणावर बसताना कसं वाटेल ते. म्हणून वजनही करा आणि दुकानातच त्याच्यावर बसूनही बघा, नुसतं बोटाने दाबून कळत नाही. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खोल रुतणारी सीट चालत नाही, म्हणून मी कडक घेतला. चार महिने झाले, पाचही सीटं जशीच्या तशी आहेत. या फोमला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आता हाताने चालवायचं स्टेपलर, ज्याला सगळे गन म्हणतात. करी रोडहून गाडी पकडून मशीदला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटवर घेतलं. 650 रुपये, 8 मिलिमीटरच्या पिनांचे दोन डबे 160. घरी येऊन पहिली पिन थेट सोफ्याच्या सागवानी चौकटीत मारली तर अर्धी आत, अर्धी बाहेर. दुसरी वाकडी. तिसऱ्यालाही तेच. मला वाटलं स्टेपलर खराब निघालं. पण त्याचा दोष नव्हता. इतकी वर्षं मुरलेलं सागवान हाताच्या जोराला दाद देत नाही. या किमतीचं कोणतंही हातस्टेपलर तिथे कमीच पडेल असं माझं मत झालं आहे.

यावर उपाय असा केला की चौकटीला पिन मारायचीच नाही. प्रत्येक सीटला 12 मिलिमीटरचा प्लायचा पाट कापून घेतला, कापड त्या पाटाला मारलं, आणि पाट चौकटीत नुसता बसवला. प्लायमध्ये तेच स्टेपलर लोण्यात सुरी जावी तसं चाललं. 8 ची पिन 12 च्या प्लायमधून पलीकडेही येत नाही. प्लायवाल्याकडे उरलेले कापीव तुकडे होते, दमट हवेत टिकणाऱ्या बीडब्ल्यूआर प्रतीचे, पाटांचे 1,100 रुपये झाले. प्रत्येक पाटाला इंच-इंचाची नऊ भोकं पाडून घेतली. बसल्यावर फोममधली हवा बाहेर जायला वाट लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद फोमला कुबट वास धरतो. पूर्वी तिथे नवार होती, ती सैल पडून लोंबत होती. नवी नवार ताणून बसवता आली असती, पण तिला ताण द्यायला ताकद लागते आणि खिळे पुन्हा सागवानातच मारावे लागतात.

स्टेपलर मारताना दुसऱ्या हाताने त्याचं तोंड घट्ट दाबून धरा, नाहीतर दट्ट्या उसळतो आणि पिन वर राहते. पाच सीटांना माझ्या तळहाताला फोड आला. कातरीची सवय असलेल्या हाताला आला, म्हणजे नाजूक हातांनी दोन दिवसांत वाटून करावं. दहा-पंधरा सीटा असतील तर विजेवरचं भाड्याने मिळतं का ते बघा. एका घरच्या सोफ्याला हे पुरेसं आहे.

कापडाला मंगलदास मार्केट. तिथे गेलं की माझं मन भरून येतं, पण या वेळी डोकं शांत ठेवून गेले. सोफ्याचं कापड 54 इंच पन्ह्याचं येतं. सीटची 18 इंच खोली, दोन्ही बाजूंच्या उंचीचे 6 आणि खाली दुमडायला 3, असे 27 झाले. 54 मध्ये दोन सीटं! हाच फोम 4 इंच जाडीचा घेतला असता तर पन्ह्यात एकच सीट बसली असती आणि कापड दुप्पट लागलं असतं. अडीच मीटर जाड सुती मॅटी घेतली, 340 रुपये मीटर, म्हणजे 850. रंग गडद निळा. दोन-चार दुकानांत वेलव्हेट दाखवत होते, दिसायला देखणं, पण आमच्याकडे खिडकीतून धूळ येते आणि घामाचं अंग टेकतं. सुती कापडच हवं.

माझ्याकडे खणाचे तुकडे भरपूर उरतात, आणि दोन गिऱ्हाइकांनी सुचवलं की सीटं खणाची करा, छान दिसतील. दिसतील, पण खण सीटला घालू नये. गुळेदगुडचा खण चोळीसाठी विणलेला, त्याचा पन्हाही लहान, आणि रोजच्या घासण्याने त्याचे धागे निघतात. त्याच्या मी दोन छोट्या उशा केल्या, तिथे तो शोभतो.

फोम आणि मॅटीच्या मध्ये मी मांजरपाटाचं एक कव्हर घातलं, 300 रुपयांत. हा खर्च टाळू नका. पुढे कापड बदलायचं झालं तर फोमला हातही लावावा लागत नाही. आणि जुनी कव्हरं उसवल्यावर फेकू नका, शिलाई सोडवून इस्त्री करा, तोच तुमचा खाका. कापड मारताना आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, उभा धागा सरळ आहे ना बघायचं, मग कोपऱ्यांकडे जायचं. एका बाजूने सुरुवात केली तर कापड तिरकं ओढलं जातं, ब्लाउजच्या पाठीसारखंच.

फोम प्लायला चिकटवायला फेविकॉल एसआर वापरला. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. वास फार उग्र आणि तो लवकर पेट घेतो. आमच्या खोलीत गॅस चार हातांवर, म्हणून हे काम बाहेर गॅलरीत केलं. दुपारी एक ते चार गॅलरीत वर्दळ नसते, तेवढी वेळ शेजाऱ्यांना आधी विचारून घेतली होती. जुनं भरणही तिथेच काढलं, कारण शिलाईत ढेकूण असतील तर ते घरात पसरतात. सगळ्यात जुन्या थरात काथ्या आणि गोणपाट निघालं, त्याखाली मिलच्या कापडाची एक पट्टी, काठाला अर्धा पुसलेला शिक्का. ती सासूबाईंनी मागून घेतली आणि कपाटात ठेवली.

खुर्च्यांचे सांधे डुगडुगत होते. मी त्यात पांढरा फेविकॉल ओतायला निघाले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सुतारकाकांनी थांबवलं. म्हणाले, "वहिनी, फेविकॉल लाकडाला धरतो, सरसाला नाही." या खुर्च्या जोडणाऱ्या सुताराने जनावराचा सरस वापरला होता. फेविकॉल 1959 मध्ये आला, पण जुन्या हाताचे सुतार पुढेही बरीच वर्षं सरसच शिजवायचे असं काका सांगतात. सरस गरम पाण्याने सुटतो. फडकं गरम पाण्यात पिळून सांध्यावर धरत राहिलं, सांधे उघडले, जुना सरस खरवडला, दोन दिवस वाळवलं, मग फेविकॉल. आवळायला शिकंजा नव्हता. काकांनी सुती दोरीचा वेढा घेऊन त्यात लाटणं अडकवलं आणि पीळ दिला. रात्रभर तसंच ठेवलं. खुर्ची आता हलत नाही.

पॉलिशच्या बाबतीत माझी तक्रार कोणत्याही दुकानाबद्दल नाही, वेळ मी चुकीची निवडली. सोफा आणि एक खुर्ची मे महिन्यात झाली, काचपेपर मारून स्पिरिटमधलं चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आरशासारखं. दुसरी खुर्ची जुलैमध्ये, गणपतीच्या आत उरकायची म्हणून. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल धरते आणि चपडीवर पांढुरकी साय येते. खुर्चीचे दोन्ही हात पांढरे पडले. उघडीप पडल्यावर फडक्याला किंचित स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसलं, तेव्हा पुष्कळ गेली, डाव्या हातावर थोडी अजून आहे. लालबागला गणपतीआधी घर नवं करायची घाई सगळ्यांनाच असते. पण पॉलिश जूनच्या आधी करा, कापड हवं तर श्रावणात बदला.

बाकीचा खर्च असा: दोन्ही फेविकॉल 370, पॉलिशचं सामान 540, फोम टॅक्सीच्या कॅरिअरवर टाकून आणायचे 350. माझी मजुरी यात धरलेली नाही. साधारण नऊ दुपारी गेल्या.

सहावा फोमचा तुकडा आणि सहाव्या सीटचं कापड उरलंच होतं. प्लायचाही एक तुकडा होता. जुन्या स्टुलावर तो पाट बसवला. सासूबाई आता खाली न बसता त्याच्यावर बसून तांदूळ निवडतात, आणि उठताना भिंतीचा आधार घेत नाहीत.