मौन रिट्रीट: मिठासाठीसुद्धा तोंड उघडायचं नाही

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, वसईहून मी आणि माझी नणंद तीन दिवसांच्या मौन रिट्रीटला, म्हणजे गप्प राहून प्रार्थना-ध्यान करायच्या शिबिराला, जाऊन आलो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारीही आहेत. मी दादरला फुलं विकते, पहाटे चारपासून तोंड चालू. ही पहिल्याच दुपारी परत येणार, अशी घरात पैज लागली होती.

गेल्या गेल्या मोबाइल जमा. मग गप्प राहण्याचं महत्त्व सांगायला फादर उभे राहिले ते सव्वा तास बोलतच होते! विषय मात्र नेमका, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, तशी आपली जीभ. लगाम-सुकाणू डोक्यावरून गेलं, ठिणगी बरोबर लागली. नाताळात जाऊबाईंच्या केकवर मी एकच वाक्य बोलले होते. त्या अजून आमच्या ओट्यावर चढलेल्या नाहीत.

खरी गंमत जेवणात. एक सिस्टर वाचणार, बाकीच्यांनी गुपचूप जेवायचं. ही पद्धत सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची. मठात कसं राहायचं याच्या त्यांच्या नियमावलीत असंही आहे की शेजाऱ्याला काय हवं ते आपणच बघून द्यायचं, त्याच्यावर मागायची वेळ आणायची नाही. पहिल्या रात्री आमटी अळणी. मी मिठाकडे नुसती बघत बसले. समोरच्या अनोळखी बाईंनी वाटी सरकवली, वर लिंबाची फोड. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्या ताटावर लक्ष ठेवलं. त्यांचा हात थरथरायचा, तांब्या उचलवत नव्हता. मग शेवटपर्यंत पाणी मीच ओतलं. एरवी गाव, आळी, मुलंबाळं सगळं विचारून झालं असतं आणि तांब्या तसाच राहिला असता.

आता तक्रारी. गाद्या पातळ. सकाळी सहानंतर गरम पाणी नाही. आणि स्वयंपाकघरातला टीव्ही! मौन आमचं, त्यांचं नाही, हे कबूल. पण ध्यानाला डोळे मिटले की मालिकेतली सासू कानात ओरडते.

जेवणाखाणासकट अठराशे रुपये पडले. वसूल. पुन्हा जाईन, पण नणंदेला नेणार नाही. ती डोळ्यांनी बोलते. शेवटच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तिने फादरांच्या दोन वेगळ्या रंगांच्या मोज्यांकडे असं काही बघितलं की मला रुमाल तोंडात कोंबून बाहेर पळावं लागलं.