गावी परतण्याच्या दोन गोष्टी: ‘नाइट इन द वुड्स’ की ‘लाइफ इज स्ट्रेंज’?

आपल्या लहानशा गावी परत आलेल्या तरुण मुलीची गोष्ट सांगणारा एकच व्हिडिओ गेम खेळायला सवड असेल, तर निवड बहुधा या दोन नावांपाशी येऊन थांबते. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ हा दोंटनॉड या फ्रेंच स्टुडिओचा गेम २०१५ मध्ये पाच भागांत आला. ‘नाइट इन द वुड्स’ हा इन्फिनिट फॉल या छोट्या चमूचा गेम २०१७ मध्ये आला. कथालेखनासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार दोघांनाही मिळालेला असल्यामुळे लेखनाच्या दर्जाची चिंता करण्याचे कारण नाही. मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलो आहे आणि दोन्ही मला मनापासून आवडले आहेत. तरीही कोणी विचारले तर माझे उत्तर एकाच बाजूला झुकते.

दोन्ही गोष्टींतले परतणे मुळातच वेगळ्या जातीचे आहे, हे आधी लक्षात घ्यावे. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ची नायिका मॅक्स कॉलफिल्ड पाच वर्षांनी ऑरेगॉनमधल्या आर्केडिया बे या किनाऱ्यावरच्या गावी येते ती छायाचित्रण शिकायला. तिचे आईवडील सिअ‍ॅटललाच आहेत आणि ती राहते वसतिगृहात. त्यामुळे ती खऱ्या अर्थाने परतते ती क्लोई या जुन्या मैत्रिणीकडे, जिचे वडील वारले आणि त्यानंतरच्या वर्षांत जिला मॅक्सने साधे विचारलेही नाही. ‘नाइट इन द वुड्स’ची नायिका मे बोरोव्स्की मात्र कॉलेज अर्धवट सोडून थेट आईवडिलांच्या घरी, माळ्यावरच्या आपल्या जुन्या खोलीत येते. घराण्यातून कॉलेजला गेलेली ती पहिलीच, त्यामुळे तिच्या शिक्षणावर घातलेल्या पैशाचा विषय घरात कोणी रोज काढत नसले तरी तो तिथे असतोच. पॉसम स्प्रिंग्ज या तिच्या गावातली खाण बंद पडली आहे, काच कारखानाही गेला आहे आणि पूर्वी त्या कारखान्यात काम करणारे तिचे वडील आता सुपरमार्केटमध्ये नोकरी करतात.

‘लाइफ इज स्ट्रेंज’ची जमेची बाजू मोठी आहे. संध्याकाळच्या उन्हातली दृश्ये, संगीत आणि विशेषतः क्लोईचा आवाज यांमुळे पहिल्या तासाभरातच मन गुंतते. सगळे संवाद बोललेले असल्याने सबटायटल लावून खेळणाऱ्याला इंग्रजीचाही फारसा त्रास होत नाही.

माझे मत ज्या एका गोष्टीने ठरवले, ती म्हणजे मॅक्सची काळ मागे फिरवण्याची शक्ती. कल्पना सुंदर आहे आणि कोड्यांमध्ये ती चांगली वापरलीही आहे. अडचण येते ती संभाषणांत. महत्त्वाचा निर्णय घेतला की पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखराचे चिन्ह येते, या कृतीचे परिणाम होतील अशी सूचना मिळते आणि लगेच मॅक्स मनाशीच म्हणू लागते की आपण बरोबर केले ना, की मागे जाऊन दुसरे काही करून पाहावे. मग मी मागे जात असे, दुसरे उत्तर देऊन पाहत असे, आणि त्याही वेळी ती तशीच साशंक असे. समोरच्या माणसाला मी काय बोललो याचे ओझे माझ्यावर राहतच नसे, कारण ते वाक्य माझ्या मर्जीनुसार न बोललेले होऊ शकत होते. त्यात प्रत्येक भागाच्या शेवटी किती टक्के खेळाडूंनी कोणता पर्याय निवडला याचा तक्ता येतो आणि नुकतेच भिडलेले प्रसंग एकदम मतमोजणीसारखे वाटू लागतात. इतरांना हे कदाचित इतके खुपणार नाही. मला ते सतत खुपत राहिले, कारण वर्षांनुवर्षे दुर्लक्षिलेल्या मैत्रीची गोष्ट सांगताना हातात खोडरबर देणे मला पटले नाही.

दुसऱ्या भागात केट मार्श या मुलीचा गच्चीवरचा प्रसंग आहे. तिथे मॅक्सची शक्ती संपलेली असते आणि आधी केटशी आपण कसे वागलो, काय लक्षात ठेवले, यावरच सगळे अवलंबून असते. माझ्या मते संपूर्ण गेममधला हा सर्वोत्तम प्रसंग आहे.

‘नाइट इन द वुड्स’मध्ये मागे फिरता न येण्याची ही अवस्था पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकते. बहुतेक दिवशी मेने वेळ ग्रेग या मित्राबरोबर घालवायचा की बी या मैत्रिणीबरोबर, हे ठरवावे लागते. एकाकडे गेले की त्या दिवशीचा दुसऱ्याचा प्रसंग त्या खेपेपुरता हातचा जातो. संवादाचे दोन पर्याय पुष्कळदा सारखेच अवघड असतात आणि मे जे नको तेच बोलून बसते. आई गेल्यामुळे बीला कॉलेजला जाता आले नाही. ती घरचे हार्डवेअरचे दुकान चालवते. एका पार्टीत ती अनोळखी मुलांमध्ये स्वतःला विद्यार्थिनी म्हणवून घेत असते आणि मे अजाणता ते सगळ्यांसमोर उघडे पाडते. त्यानंतर जे काही सावरायचे ते पुढे जाऊनच सावरावे लागते. गावी परतलेल्या माणसाची स्थिती इतक्या नेमकेपणाने मी दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये अनुभवलेली नाही.

याच्याही उणिवा सांगायला हव्यात. रोज त्याच रस्त्याने चालायचे, विजेच्या तारांवरून उड्या मारायच्या आणि त्याच शेजाऱ्यांशी बोलायचे, हे काहींना कंटाळवाणे वाटेल. मला मात्र ओट्यावर बसून छोट्या कविता ऐकवणारी सेल्मर्स आणि छपरावर दुर्बीण लावून तारे दाखवणारे चाझोकोव्ह सर यांच्यासाठी ती फेरी रोज हवीशी वाटली. रात्रीच्या स्वप्नांत अंधारात वादक शोधत फिरण्याचे भाग खरोखरच लांबले आहेत, आणि उत्तरार्धातले रहस्य गावाच्या वर्णनाइतके पकड घेत नाही. शिवाय संवादांना आवाज नाही. सगळे वाचायचे असते आणि इंग्रजी बोलीभाषेचे असते. ज्यांना ऐकत ऐकत गोष्टीत शिरणे सोपे जाते, त्यांनी ‘लाइफ इज स्ट्रेंज’ निवडला तर त्यांचे नुकसान होणार नाही.

बाकीच्यांना मी, शक्य तितक्या नम्रतेने, ‘नाइट इन द वुड्स’च सुचवीन. पहिल्या खेपेला बीची सोबत निवडावी आणि मध्येच ग्रेगकडे वळू नये, म्हणजे तिची गोष्ट तुटक राहत नाही. ग्रेग आणि त्याचा जोडीदार अँगस यांचे गाव सोडून जाण्याचे बेत दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवता येतात. वाटेत थांबून शेजाऱ्यांशी बोलायला मात्र दोन्ही खेपांना विसरू नये, कारण सेल्मर्सचे वाचनालयातले कवितावाचन घाईने खेळणाऱ्याच्या हातून सहज निसटते.