आकाशातून फुकट फोटो: साडेचार स्टार, अर्धा धुरात गेला

गेली काही वर्षं मी लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या दोन उपग्रह मालिकांचे फोटो जवळपास रोज बघतोय. आधी टाइमपास म्हणून, मग थोडं कामासाठी, आता तर व्यसनच म्हणा, लोक झोपायच्या आधी रील्स बघतात आणि मी कुठलंतरी आटत चाललेलं तळं झूम करून बसतो. एवढं वापरलंय तर रिव्ह्यू लिहायला हवा ना. पण नुसतं "भारी आहे, वापरा" लिहून हात झटकता येत नाहीत, कारण ही वस्तू रॉकेटवर बसून वर गेलीय आणि त्या रॉकेटचा धूर कुणाच्याच बिलात लागत नाही.

आधी वस्तू काय आहे ते. लँडसॅट अमेरिकेचं, पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये गेला आणि तेव्हापासून त्यातला एक तरी वर आहेच, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांचा सलग अल्बम. सध्या लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी तीच जागा परत टिपतात. सेंटिनेल-२ युरोपचं, २०१५ पासून, जोडी मिळून ५ दिवसांनी फेरी. लँडसॅटचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर, सेंटिनेलचा १० मीटर. म्हणजे माणूस दिसणार नाही, गाडी दिसणार नाही, पण नदीने पात्र बदललं की दिसतं, जंगलात नवा रस्ता पडला की दिसतो. स्वतःच्या घराची गच्ची शोधायला आलेल्यांची निराशा होणार, त्यांनी कृपया एक स्टार देऊन जाऊ नये, वस्तू त्यासाठी नाहीच.

खरी गंमत इन्फ्रारेडमध्ये आहे. सेंटिनेल-२ प्रकाशाच्या एकूण १३ पट्ट्यांत बघतो, त्यातले बरेच आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. हिरवं पान जवळचा इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकतं, त्यामुळे तो पट्टा लाल रंगात दाखवला की जिवंत झाडी लालभडक आणि सुकलेली मळकट, फरक एका नजरेत कळतो. वणव्याचा साधा फोटो उघडा, नुसता पांढरा धूर. तोच फोटो शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये लावा, धूर गायब आणि खाली आगीची केशरी रेघ, डोंगराच्या धारेवरून सरकत चाललेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो, खोटं नाही सांगत.

तक्रार करायची तर ढग. हवी ती तारीख नेमकी ढगात असते आणि पाच दिवस थांबून पुढची फेरी उघडावी तर परत ढग, आता याला कोण काय करणार. आणि एक सावधगिरी, मी एकदा एका ऍपला पैसे भरून बसलो, नाव नाही घेत, "एचडी लाइव्ह सॅटेलाइट" म्हणून विकत होते आणि नंतर कळलं की हेच फुकटचे सेंटिनेलचे फोटो, वर त्यांचा शिक्का मारलेला, तेही तीन आठवडे जुने. मूळ ठिकाणी, म्हणजे हे उपग्रह चालवणाऱ्यांच्याच साइटवर, अकाउंट काढायला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

हे फुकट असणं ही माझ्या मते या वस्तूतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि पर्यावरणाचा हिशेबही इथूनच सुरू होतो. लँडसॅटचे फोटो २००८ पर्यंत विकत मिळायचे. विक्रीचं सगळ्यात जोरदार वर्ष २००१, तेव्हा दिवसाला साधारण ५३ फोटो जायचे. फुकट केल्यावर तोच आकडा दिवसाला हजारोंवर गेला. उपग्रह तेच, धूर तोच, जो व्हायचा तो आधीच होऊन गेलेला. फक्त कुलूप काढलं तर त्याच धुरातून किती पट काम निघालं बघा.

आता धूर. आपल्याच वस्तूंचं बघू, उगाच दुसऱ्यांकडे बोट कशाला. लँडसॅट ९ सप्टेंबर २०२१ मध्ये ऍटलास-५ रॉकेटवर गेला, पहिल्या टप्प्यात केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन मिळून २८० टनांच्या वर. सेंटिनेल-२ ची पहिली जोडी व्हेगा रॉकेटवर गेली, त्याचे खालचे तीन टप्पे घन इंधनाचे, म्हणजे ॲल्युमिनियमची पूड, अमोनियम परक्लोरेट आणि ते धरून ठेवायला रबरासारखा पदार्थ. ते जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी. क्लोरीन ओझोनला खातं हे आपण शाळेत शिकलोय. म्हणजे पृथ्वीच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा उपग्रह वर जाताना ओझोनच्या थरातून क्लोरीन सोडत जातो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, १९८७ चा माँट्रियल करार फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंवर बंदी आणतो, रॉकेटचा धूर त्यात येतच नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं, "अहो विमानं बघा किती जाळतात". खरंय, सगळी रॉकेटं मिळून जेवढं इंधन जाळतात ते विमानांच्या एक टक्काही नाही. पण हे उत्तर अर्धवट आहे, कारण कुठे जाळता ते महत्त्वाचं. खालची काजळी पावसाने काही दिवसांत धुऊन जाते, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्या वरच्या ओझोनवाल्या थरात, पाऊसच नाही, तिथे गेलेली काजळी वर्षानुवर्षं तरंगत ऊन शोषत बसते. २०२२ च्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता की रॉकेटची काजळी बाकीच्या सगळ्या काजळीपेक्षा जवळपास ५०० पट जास्त तापवते, वजनाला वजन धरून. २०२४ मध्ये जगात अडीचशेच्या वर रॉकेटं कक्षेकडे निघाली, २०१० मध्ये शंभरही नव्हती. त्यामुळे "किरकोळ आहे" हे आज खरं असलं तरी याच वेगाने चाललं तर किती दिवस खरं राहील कोण जाणे.

आणि वर गेलेलं खाली येतं हा भाग तर मी स्वतः कित्येक वर्षं धरलाच नव्हता. उपग्रह जळून जातो म्हणजे नाहीसा होतो असंच डोक्यात होतं. नाहीसा कसा होईल, धातू आहे तो! साधारण २५० किलोचा उपग्रह जळला की ३० किलोच्या आसपास ॲल्युमिनियम ऑक्साइड मागे राहतं. २०२३ मध्ये विमानातून स्ट्रॅटोस्फिअरचे कण गोळा करून तपासले तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत अंतराळयानांतला ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. त्याने पुढे काय होणार यावर अजून काम चालू आहे, पण तिथे ते नसायला हवं होतं एवढं तर आपल्यालाही कळतं.

मग एवढं सगळं माहीत असून मी साडेचार का देतोय?

कारण बदल्यात काय मिळतं तेही मी रोज बघतो. ब्राझीलने ॲमेझॉनची तोड १९८८ पासून दरवर्षी उपग्रहाच्या फोटोंवरून मोजलीय. २००४ मध्ये एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर जंगल गेलं होतं, २०१२ ला ते साडेचार हजारांच्या आसपास आलं, आणि त्यात वरून इशारा आला की खाली धाड टाकायची या पद्धतीचा मोठा हात होता. नंतर सरकारं बदलली तसा आकडा परत चढला, तेही वरूनच दिसलं. गॅस पाइपलाइनमधून गळणारा मिथेन उघड्या डोळ्यांना दिसत नाही, तो सेंटिनेल-५पी ला, म्हणजे युरोपच्याच हवेतले वायू टिपणाऱ्या उपग्रहाला, दिसतो. जमिनीखालचं पाणी किती उपसलं गेलं हे ग्रेस नावाच्या उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या ओढीतल्या फरकावरून मोजलं, म्हणजे वरून अक्षरशः वजन केलं पाण्याचं. उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात, पण काही शेळ्या उंटावरूनच दिसतात हो. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, ओझोनचं भोक १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर जमिनीवरच्या यंत्राने पकडलं, उपग्रहाने नाही. उपग्रहाने नंतर ते केवढं मोठं आहे ते दाखवलं. म्हणजे सगळं श्रेय वरच्यांना देऊ नका.

माझा मुद्दा असा की "अंतराळ मोहिमा चांगल्या का वाईट" हा प्रश्न विचारूच नये, सगळ्यांना एका दावणीला बांधून काही निष्पन्न होत नाही. विचारायचं ते हे की एका उड्डाणाच्या धुरात किती वर्षं आणि किती लोकांचं काम झालं. लँडसॅट ५ बघा. मार्च १९८४ मध्ये गेला, तीन वर्षं चालावा म्हणून बनवलेला, आणि २०१३ पर्यंत चालला, जवळपास २९ वर्षं, एका रॉकेटवर! त्याचे फोटो आजही लोक वापरतात. आणि दुसरीकडे इंटरनेटसाठी हजारोंनी सोडलेले उपग्रह, आयुष्य साधारण पाच वर्षं, मग जाळून टाकायचे आणि नवे पाठवायचे, कायम. जिथे केबल पोचत नाही तिथे त्याचा उपयोग आहेच, वादळात टॉवर पडल्यावर तर आहेच आहे, पण शहरात जिथे जमिनीतून फायबर आलेली आहे तिथेही तेच विकायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला. पर्यटकांना वर नेऊन पाच-दहा मिनिटांत खाली आणणाऱ्या उड्डाणांबद्दल तर मी बोलतच नाही, त्याला माझ्याकडे स्टारच नाहीत.

आता अर्धा स्टार कुठे कापला ते दाखवतो. मध्य आशियातला अरल समुद्र उघडा. एकेकाळी जगातलं चौथ्या नंबरचं मोठं सरोवर, कापसासाठी नद्या वळवल्या आणि ते आटलं. लँडसॅटचा सत्तरच्या दशकातला फोटो एका बाजूला, आत्ताचा दुसऱ्या बाजूला ठेवून मधली पट्टी सरकवा, पाणी मागे हटतं आणि मिठाचा पांढरा सपाट तळ उघडा पडतो. २०१४ मध्ये दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा दिसला होता. उत्तरेकडच्या तुकड्यात मात्र २००५ मध्ये बांध घातल्यापासून पाणी परत चढलंय, निळा डाग स्पष्ट दिसतो. हे सगळं बघून मला नेहमीच वाटतं की या एका फोटोसाठी रॉकेट उडवलं असतं तरी वसूल.

आणि मग एकदा सहज अरलला मिळणारी सिर दर्या नदी धरून मी पूर्वेकडे सरकत गेलो. दोनेकशे किलोमीटरवर मैदानात अचानक रेल्वेचे फाटे फुटायला लागतात, तिन्ही बाजूंना पांगलेले, टोकाला फिकट डाग. बैकोनूर, कझाकस्तानातला रॉकेटतळ! १९५७ चा स्पुटनिक इथूनच गेला, १९६१ मध्ये गागारिनही. इथूनच हेप्टिल नावाच्या विषारी इंधनावरची प्रोटॉन रॉकेटं उडायची, त्यांचे रिकामे टप्पे गवताळ मैदानात पडायचे, आणि जुलै २०१३ मध्ये तर एक प्रोटॉन उड्डाणानंतर काही सेकंदांतच इंधनासकट तिथे आपटलं. आटलेला समुद्र आणि रॉकेटचा तळ एकाच नदीच्या काठावर, एकाच फोटोत नाही पण एकाच बोटाच्या अंतरावर. त्या दिवशी माझा पाचवा स्टार अर्धा झाला.

तर वापरणाऱ्यांसाठी, ढगांचं स्लायडर २० टक्क्यांच्या खाली ठेवा, पूर्ण फाइल डाउनलोड करू नका, ती एक जीबीच्या आसपास जाते आणि नव्या माणसाला तिचं काय करायचं कळत नाही, नुसता दिसतोय तो तुकडा सेव्ह करा. सुरुवात अरलपासून करा. मग नदी सोडू नका, रूळ दिसेपर्यंत पूर्वेकडे सरकत राहा.