झूम एच१एन रेकॉर्डर : ९६ चा मोह सोडा, ४८ वर ठेवा

सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. दर गुरुवारचं दोन तासांचं भजन वर्षभर या झूम एच१एनवर उतरवून ठेवतोय. मंडळातले तिघं सत्तरीच्या पुढचे; त्यांच्या चाली त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून ही धडपड.

यंत्र मुठीत मावतं, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतं. एकमेकांना छेद देणारे दोन माईक असल्याने पखवाज कुठल्या बाजूला, टाळ कुठल्या बाजूला हे ऐकताना स्पष्ट कळतं. लेव्हलसाठी समोर आकड्यांची गोल चकती आहे, अंधारातही हाताला सापडते.

खरा प्रश्न सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे याचा. यात ४४.१, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झ असे तीन पर्याय आहेत. सुरुवातीला मी ४४.१ ठेवला होता, सीडीचा तोच असतो म्हणून. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मंडळाचा कार्यक्रम झाला, त्याचं शूटिंगही झालं. व्हिडिओचा ऑडिओ ४८ चा. एडिटिंगमध्ये माझी फाईलही ४८ चीच समजून वाजवली गेली. तासाभराचं भजन पंचावन्न मिनिटांत आटोपलं आणि काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी जाऊन बसला. पेटीवर ती पट्टी सापडेचना. बुवा ऐकून म्हणाले, ‘‘ह्यो आवाज माझा न्हवंच की!’’ फाईल नीट रूपांतरित केल्यावर सगळं जागेवर आलं, पण तेव्हापासून मी थेट ४८ वरच घेतो.

मग ९६ का नको? एकच अभंग दोन्ही रेटवर घेतला, हेडफोन लावून रात्री तीनदा ऐकला. मला फरक कळला नाही. कारणही सरळ आहे : सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या टिपता येतात. म्हणजे ४८ वर २४ किलोहर्ट्झपर्यंत, आणि माणसाचा कान जेमतेम २० पर्यंत पोचतो. ९६ वर जागा मात्र दुप्पट जाते. २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा, ते बिट सांगतात) स्टीरिओत दोन तासांना ४८ वर साधारण २ जीबी लागतात, ९६ वर ४ जीबी. या यंत्रात कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं. आवाज खूप संथ करून अभ्यासायचा असेल तर ९६ घ्या, भजनाला गरज नाही.

२४ बिट मात्र सोडू नका. लेव्हल जरा खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी हळू आलाप खरखरीत बुडत नाही, आणि मिरवणुकीत अचानक हलगी कडाडली तरी आवाज फाटत नाही.

आणखी एक. यंत्र फरशीवर ठेवलं की पखवाजाची धमक खालून माईकमध्ये शिरते. मी स्टुलावर आपली सोलापुरी चादर चौपदरी घालून त्यावर ठेवतो, आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पंखा बंद करतो.