मुका मार, आखडलेली कंबर: शेक, लेप की तेल?

दुखणे कोणत्या प्रकारचे आहे हे पाहिल्याशिवाय शेक, लेप आणि तेल यांत निवड करता येत नाही, आणि घरोघरी चूक होते ती नेमकी इथेच.

पाय नुकताच मुरगळला असेल, घोटा सुजून गरम लागत असेल, तर पहिले ४८ तास शेक टाळावा, कारण उष्णतेने तेथील रक्तप्रवाह वाढून सूज अधिक चढते. मुक्या मारावर आपल्याकडे आंबेहळद सहाणेवर उगाळून लावतात. त्या वेळी शेकापेक्षा हा लेप बरा, मात्र तो थंडच लावावा आणि खरचटलेल्या जागी लावू नये. हळदीचा गुण त्वचेतून फारसा आत पोहोचत नाही, त्यामुळे आराम पडण्याचे श्रेय मी लेपाच्या गारव्याला आणि तो वाळेपर्यंत पाय हलत नाही, या विश्रांतीला अधिक देते. पायावर भारच टाकता येत नसेल, तर सहाण बाजूला ठेवून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

आखडलेल्या कंबरेला किंवा थंडीत धरलेल्या गुडघ्यांना मात्र शेकच हवा. जाडे मीठ लोखंडी तव्यावर तडतडणे थांबेपर्यंत भाजावे, सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावी. मिठात मूठभर ओवा घातल्यास वास सुखावतो, पण ऊब धरून ठेवते ते मीठच. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी हा उपाय करू नये. माझ्या मावशीच्या टाचेवर असाच रुपयाएवढा फोड आला होता आणि तो तिला संध्याकाळी मोजे काढताना दिसला.

लसूण तांबूस होईपर्यंत कढवलेल्या तिळाच्या तेलाचा खरा उपयोग चोळण्यात आहे. कच्चा लसूण ठेचून बांधू नये. त्याने कातडी भाजते.

हळदीच्या दुधाकडून सर्वांत कमी अपेक्षा ठेवावी. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी घटक, साधारण ३ टक्केच असते, म्हणजे अर्ध्या चमच्यात जेमतेम ४०-५० मिलिग्रॅम, आणि तेही शरीरात नीट शोषले जात नाही. चिमूटभर मिरपूड घातल्यास शोषण वाढते. झोपण्यापूर्वीचे ऊबदार पेय म्हणून ते अवश्य घ्यावे, परंतु रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.