अमन लॉज ते माथेरान: नॅरोगेज शटलचे परीक्षण

माथेरानच्या गाडीविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक सहलीला आलेल्या माणसांनी लिहिले आहे, त्यामुळे त्यात वळणे, माकडे आणि ‘वन किस’ बोगदा हमखास येतात, पण ही गाडी गावाच्या उपयोगाची आहे का, हा प्रश्न सहसा येत नाही. मला हिशेबाच्या कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा माथेरानला जावे लागते. त्यामुळे एसटीकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने मी या गाडीकडे पाहतो: ती कधी सुटते, सामान घेते का आणि पावसात चालते का?

माथेरानचा हा रेल्वेमार्ग मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने उभा राहिला. काम 1904 मध्ये सुरू झाले आणि सुमारे 16 लाख रुपये खर्चून 1907 मध्ये गाडी धावू लागली. नेरळपासून माथेरानपर्यंतचे अंतर सुमारे 21 किलोमीटर आहे. रुळांमधील अंतर मात्र अवघे दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर आहे. नेरळच्या शेजारच्या फलाटावरून जाणारी कर्जत लोकल 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते, हे लक्षात घेतले की हा फरक किती मोठा आहे ते कळते. रुंदी कमी ठेवल्यामुळेच डोंगराच्या कडेकडेने इतकी तीव्र वळणे घेणे शक्य झाले. चढ काही ठिकाणी वीसास एक इतका आहे. सुरुवातीची वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्यातून आली होती, आणि त्यांच्या पुढच्या व मागच्या आसांची रचना अशी होती की मधला आस सरळ राही आणि टोकाची चाके वळणानुसार थोडी वळत व बाजूला सरकत. एवढ्या लहान इंजिनाला एवढी अवघड वाट पेलण्यामागे ही युक्ती होती. पुढे डिझेल इंजिने आली, पण वळणे तीच राहिली, म्हणून वेगही तोच राहिला. ताशी 20 किलोमीटरच्या वर ही गाडी जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नेरळहून थेट माथेरानला जाणारी गाडी रोजच्या प्रवाशाच्या काहीच कामाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी नऊच्या सुमारास सुटलेली गाडी साडेअकराच्या सुमारास वर पोहोचते, तर शेअर टॅक्सी घाटरस्त्याने अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी नाक्याला, म्हणजे मोटारींचा रस्ता जिथे संपतो तिथे, आणून सोडते. ज्याला दहाला दुकान उघडायचे आहे, त्याने काय करावे? शिवाय पावसाळ्याचे चार महिने नेरळ ते अमन लॉज हा खालचा मार्ग बंद असतो. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्थानकांवर थांबत जाणारा तो प्रवास सुंदर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही, पण त्याला सेवा म्हणणे कठीण आहे.

दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत ये-जा करणारी शटल मात्र वेगळी आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी असल्याने, आणि माथेरान 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असल्याने, पुढचे जवळजवळ तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षात किंवा या गाडीनेच पार करावे लागतात. तांबड्या मातीच्या वाटेने चालत गेल्यास पाऊण तास लागतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रंगून जातात. शटलला वीस मिनिटेही लागत नाहीत, आणि ती थेट बाजाराच्या मधोमध सोडते. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असतानाही शटल चालू असते, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

गेल्या खेपेस दुसऱ्या वर्गाच्या डब्यात माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी भाजीची गोणी, मांडीवर अंड्यांचा ट्रे आणि माझ्या गुडघ्यांना टेकलेले त्यांचे गुडघे, अशी एकंदर मांडणी होती, कारण या डब्यात समोरासमोरच्या बाकांमध्ये सामान ठेवायला जागा फारशी उरत नाही. वळणावर ट्रे कलला, की त्या स्वतः उलट बाजूला कलत. सवय झालेल्या प्रवाशाची ही हालचाल पाहिली, की मला पहिल्या वर्गाच्या गादीचे अप्रूप वाटत नाही. मालडब्याची सोय हाच या सेवेचा खरा आधार आहे, असे मला वाटते; टाळेबंदीनंतर 2020 च्या नोव्हेंबरमध्ये शटल पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने प्रवाशांबरोबर किराणा आणि इतर गरजेच्या वस्तूही वर नेल्या. डोक्यावरच्या किंवा घोड्यावरच्या वाहतुकीच्या तुलनेत ती स्वस्त पडते, हे दुकानदाराला सांगावे लागत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत निर्धास्त राहावे असा हा मार्ग नाही, पण बेफिकिरीचाही राहिलेला नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ वाहून गेले आणि मार्ग 2007 मध्ये, शंभरीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरल्याच्या घटनांनंतर गाडी बंद ठेवण्यात आली. त्या काळात डब्यांना एअर ब्रेक बसवले गेले आणि कड्याच्या बाजूला संरक्षक कठडे उभारले गेले. तोपर्यंत प्रत्येक डब्यावर हाताने ब्रेक लावणारा माणूस असे, आणि इंजिनाच्या शिट्टीवर सगळ्यांनी एकाच वेळी ब्रेक आवळायचे असत. 2019 च्या पावसाने खालचा मार्ग पुन्हा मोडला. शटल त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली, पण नेरळची गाडी थेट ऑक्टोबर 2022 मध्येच वर आली. या तीन वर्षांत गावाचे रेल्वेशी नाते शटलनेच टिकवले, हे पर्यटकांच्या लक्षात येत नाही.

उणीव एकच, पण मोठी आहे. दिवसातल्या फेऱ्या मोजक्या असल्यामुळे शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत गावातल्या माणसाला जागा मिळणे अवघड होते, आणि गाडी चुकली तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यापेक्षा चालणे बरे वाटते. गावात राहणाऱ्यांसाठी एखादा डबा किंवा ठरावीक आसने राखून ठेवावीत, निदान सुट्टीच्या दिवशी, असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. तो निर्णय योग्यच आहे, परंतु माणसाने माणूस ओढण्याची पद्धत गेल्यावर ते प्रवासी आणि ते ओझे कोण वाहून नेणार, याचे उत्तर केवळ ई-रिक्षांनी मिळणार नाही. शटलच्या फेऱ्याही वाढवाव्या लागतील.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकदा नेरळहून पूर्ण प्रवास जरूर करावा, मात्र त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. काम असेल तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी गाठावी, तिथून पाच-सात मिनिटे चालून अमन लॉजला यावे आणि सामान मांडीवर मावेल एवढेच घ्यावे.