अमेडियस: तिकीट काउंटरच्या नोकरीसाठी शिकावं का?

२७ मार्च २०२२ला नियमित आंतरराष्ट्रीय विमानं पुन्हा सुरू झाली, तशी ट्रॅव्हल एजन्सींना बुकिंगवाल्यांची गरज भासू लागली. तिथे अमेडियस, म्हणजे विमानाची बुकिंग करायची संगणक प्रणाली, येत असेल तर वजन पडतं. दिसायला जुनाट, सगळं कोडवर: एएनने विमानं, एसएसने जागा, एनएमने नाव, एपीने फोन, टीकेने तिकिटाची मुदत, आरएफने नोंद कोणाकडून आली ते, शेवटी ईआरने सगळं जतन. एएन सोडून यातलं एखादं राहिलं तर पीएनआर, म्हणजे प्रवाशाच्या बुकिंगची नोंद, जतनच होत नाही.

खरी गोची नावात. आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव. स्पेलिंग हुबेहूब पासपोर्टवरचं. तिकीट निघाल्यावरची दुरुस्ती महागात पडते.

नुसतं बुकिंग शिकवणाऱ्या क्लासची फी वाया. तिकीटबदल आणि रिफंड शिकवतात का, ते आधी विचारा.